स्ट्रकॉपी काढा, पण डोळे मिटून नको: ड्रायव्हर कोडमधल्या स्ट्रिंग कॉपीची साफसफाई

लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एखादा जुना ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) उघडला की स्ट्रकॉपी, स्ट्रएनकॉपी ही स्ट्रिंग कॉपी करणारी फंक्शनं आणि त्यांच्या मागे हाताने लिहिलेले 'वजा एक' जागोजागी दिसतात. ते काढून तिथे स्ट्रएसकॉपी बसवणं हे कर्नलमध्ये शिरण्याचं चांगलं दार आहे. नागपुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात सी नीट शिकलेल्या मुलामुलींना हे जमण्यासारखं आहे. मात्र एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला दाबून हे काम होत नाही. कॉपी कुठे जाऊन पडते ते आधी बघावं लागतं, मग फंक्शन निवडायचं.

नावांबद्दल एक खुलासा. इथे फंक्शनची नावं आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. स्ट्रकॉपी म्हणजे एस-टी-आर-सी-पी-वाय. मध्ये एन आला की स्ट्रएनकॉपी, एल आला की स्ट्रएलकॉपी, आणि एस आला की स्ट्रएसकॉपी.

जुन्यांचं काय चुकतं

नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर गावांची अंतरं कोरलेली आहेत, म्हणजे तिथे शून्यापासून मोजणी सुरू होते. सीच्या स्ट्रिंगमध्ये उलट असतं, शून्य बाइट आला की स्ट्रिंग संपली. खालची सगळी भानगड या एका शून्य बाइटची आहे.

स्ट्रकॉपी हा शून्य सापडेपर्यंत कॉपी करत राहतं, पलीकडे जागा उरली आहे की नाही हे त्याला ठाऊकच नसतं.

स्ट्रएनकॉपी सुरक्षित वाटतं, कारण त्याला आकार देता येतो. पण त्याचा जन्म वेगळ्या कामासाठी झाला: जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या फाइलच्या नावासाठी १४ बाइटांचा ठराविक रकाना असायचा, तो भरण्यासाठी. म्हणून ते दोन गोष्टी करतं. सोर्स मोठा असेल तर शेवटी शून्य लावत नाही, आणि सोर्स लहान असेल तर उरलेला सगळा रकाना शून्यांनी भरतं. पहिली गोष्ट घातक आहे. दुसरी कधीकधी हवी असते, आणि बदल करताना नेमकी तीच विसरली जाते.

स्ट्रएलकॉपी शेवटी शून्य लावतं, पण सोर्सची पूर्ण लांबी परत देतं. ती मोजायला त्याला सोर्स शेवटपर्यंत वाचावा लागतो. सोर्सला शून्यच नसेल तर ते पुढची मेमरी वाचत सुटतं. २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीत ते कर्नलमधून काढून टाकलं.

स्ट्रएसकॉपी २०१५ मध्ये ४.३ आवृत्तीत आलं. आकार शून्य नसेल तर ते शेवटी नेहमी शून्य लावतं. सगळं मावलं तर कॉपी झालेल्या अक्षरांची संख्या देतं, नाही मावलं तर कापून उणे ई-टू-बिग हा एरर क्रमांक, म्हणजे उणे ७. दिलेल्या आकाराच्या पलीकडे सोर्स वाचत नाही. ६.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, त्याला दोनच आर्ग्युमेंट दिली तरी चालतात. आकार ते स्वतः ॲरेवरून घेतं:

स्ट्रकॉपी(कार्ड->ड्रायव्हर, नाव);
स्ट्रएनकॉपी(कार्ड->ड्रायव्हर, नाव, साइझऑफ(कार्ड->ड्रायव्हर) - १);

या दोन्हींच्या जागी

स्ट्रएसकॉपी(कार्ड->ड्रायव्हर, नाव);

ओळ आखूड होते हा यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की आकार माणसाच्या हातून लिहिलाच जात नाही. साइझऑफमध्ये शेजारच्याच फील्डचं नाव राहून जाणं ही कॉपी-पेस्टमधली नेहमीची चूक आहे. साउंड कार्डच्या स्ट्रक्चरमध्ये ड्रायव्हरचं नाव १६ बाइट, छोटं नाव ३२ आणि लांब नाव ८० बाइटांचं असतं. तिन्ही कॉप्या एकाखाली एक येतात आणि तिसऱ्या ओळीत दुसऱ्याचा आकार राहतो. दोन आर्ग्युमेंटच्या रूपात ही चूक करायला जागाच नाही.

पहिली पायरी: यादी करा आणि प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा

ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये गिट ग्रेपने तिन्ही जुनी नावं शोधा. -एन दिलं की ओळीचा क्रमांक मिळतो, छोटा -डब्ल्यू दिला की फक्त पूर्ण शब्द जुळतो. आलेल्या प्रत्येक ओळीपुढे कागदावर कॉपी कुठे जाते ते लिहा: ॲरे, पॉइंटर, रकाना किंवा बाहेर. ॲरे म्हणजे शून्याने संपणारी साधी स्ट्रिंग. पॉइंटर म्हणजे मेमरीचा नुसता पत्ता. रकाना म्हणजे हार्डवेअरचं किंवा प्रोटोकॉलचं ठराविक लांबीचं फील्ड, ज्याला शेवटचा शून्य लागत नाही. बाहेर म्हणजे जे स्ट्रक्चर पुढे युझरस्पेसकडे (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे) किंवा फर्मवेअरकडे (हार्डवेअरच्या आतल्या कोडकडे) जातं.

हे ठरवायला ती ओळ पुरत नाही. त्या फील्डचं नाव सगळ्या कोडमध्ये शोधा आणि ते कोण वाचतं ते बघा. पुढे प्रिंटच्या टक्का-एसमध्ये किंवा स्ट्रकंपेअरमध्ये वापरलं असेल तर ती शून्याने संपणारी स्ट्रिंग आहे. मेमकंपेअरमध्ये किंवा डीएमएच्या बफरमध्ये (जो हार्डवेअर थेट वाचतं) जात असेल तर जपून. कामाचा निम्मा वेळ इथेच जातो, आणि जावाही.

दुसरी पायरी: साधे ॲरे आधी उरका

ॲरे लिहिलेल्या ओळी सरळ बदलतात. तरी चार जुनी वळणं ओळखून ठेवा.

पहिलं, स्ट्रएनकॉपीला साइझऑफ वजा एक. स्ट्रक्चर के-झेड-अलॉकने घेतलं असेल तर ते आधीच शून्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे १६ च्या ॲरेत १५ अक्षरं आणि शेवटी शून्य, असं ते बरोबर चालायचं. बदलताना तो 'वजा एक' तसाच राहिला तर स्ट्रएसकॉपीला १५ मिळतात, त्यातला एक ते शून्यासाठी ठेवतं आणि अक्षरं १४ च मावतात. कंपायलर काही बोलत नाही. एखाद्याच बोर्डचं नाव शेवटचं अक्षर गमावतं आणि दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, हे असं का दिसतंय?

दुसरं, आकाराच्या जागी स्ट्रलेन(सोर्स). इथे मर्यादा सोर्सने स्वतःच ठरवली, म्हणजे मर्यादा नाहीच. फक्त फंक्शनचं नाव बदललंत तर प्रत्येक वेळी शेवटचं अक्षर कापलं जाईल. तो आकारच उडवा आणि डेस्टिनेशनचा घ्या.

तिसरं, स्ट्रएनकॉपी(डी, एस, एन) आणि पुढच्या ओळीत डी[एन] = ०. यात मोठ्या स्ट्रिंगमधली पहिली एन अक्षरं मुद्दाम उचलायची असतात. इथे दोन आर्ग्युमेंट वापरू नका, अख्खी स्ट्रिंग येईल. तिसरं आर्ग्युमेंट एन अधिक एक द्या, आणि ते डेस्टिनेशनच्या आकारापेक्षा मोठं होत नाही हे आधी तपासा.

चौथं, ठरलेलं अवतरणातलं नाव मोठ्या ॲरेत स्ट्रकॉपीने टाकणं. ही चूक नाही. बफरचे आकार तपासणारा फॉर्टिफाय सोर्स हा पर्याय चालू असेल (कर्नलमध्ये तो ४.१३ पासून आहे) तर ठरलेलं नाव मावत नसल्याचं कंपाइल करतानाच कळतं. तरीही बदला, पण पॅचमध्ये (पाठवायच्या बदलात) 'सुरक्षेची चूक दुरुस्त केली' असा डंका पिटू नका. मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारे, लगेच विचारतील, कुठली चूक?

तिसरी पायरी: पॉइंटर

फंक्शनला कॅरेक्टर पॉइंटर आला असेल तर साइझऑफ त्या पॉइंटरचा आकार देतं, ६४ बिटच्या मशीनवर ८. म्हणजे ३२ बाइटांच्या बफरमध्ये सात अक्षरं आणि एक शून्य. पॅरामीटर 'कॅर बफ[३२]' असा लिहिला तरी फसू नका. पॅरामीटरमधला ॲरे पॉइंटरच असतो.

दोन आर्ग्युमेंटचं स्ट्रएसकॉपी इथे कंपाइल होत नाही, कारण आतला मॅक्रो 'हा ॲरेच आहे ना' हे तपासतो. हा अडथळा नाही, मदत आहे. एरर आली की घाईने तिसऱ्या जागी ३२ लिहू नका. फंक्शनला आकार पॅरामीटर म्हणून द्या आणि कॉल करणाऱ्याकडून साइझऑफ पाठवा, किंवा अख्ख्या स्ट्रक्चरचा पॉइंटर पाठवा म्हणजे आत ॲरे ॲरेच राहील.

एका जागी हा मॅक्रोही फसतो. जुन्या स्ट्रक्चरच्या शेवटी एक घटकाचा ॲरे ठेवून त्यापुढे जास्त मेमरी घेण्याची पद्धत होती. तो ॲरे आहे, त्याचा आकार १ आहे, त्यामुळे कंपायलर खूश आणि तुमच्या हाती रिकामी स्ट्रिंग. अशा ठिकाणी खरी घेतलेली लांबी तिसऱ्या जागी द्यावीच लागते.

मेमरी तिथल्या तिथे घेऊन लगेच कॉपी होत असेल (के-एमअलॉक, स्ट्रलेन अधिक एक, मग स्ट्रकॉपी) तर तिन्ही ओळींच्या जागी एक के-स्ट्रडप. डिव्हाइसच्या आयुष्याशी बांधलेली मेमरी हवी असेल तर डेव्हएम-के-स्ट्रडप. आणि नाव कधी बदलतच नसेल तर कॉपी कशाला? फील्डच कॉन्स्ट कॅर पॉइंटर करा आणि मोकळे व्हा.

चौथी पायरी: रकाने, जिथे सगळ्यात जास्त घसरतं

स्कझी डिस्कला इन्क्वायरी कमांड दिली की उत्तरात ८ बाइट व्हेंडरचे, १६ बाइट प्रॉडक्टचे आणि ४ बाइट रिव्हिजनचे येतात. तिन्ही एकमेकांना चिकटून, ८व्या बाइटपासून ३५व्यापर्यंत. मोकळी जागा स्पेसने भरलेली असते, शून्य कुठेच नसतो. एनव्हीएमई डिस्कमध्येही तसंच: सिरियल नंबर २० बाइट, मॉडेल ४०, फर्मवेअर ८.

आता हा ८ बाइटांचा व्हेंडर ३२ बाइटांच्या ॲरेत स्ट्रएसकॉपीने उचलला तर काय होतं ते जवळून बघा. स्ट्रएसकॉपी शून्य शोधतं. आठव्या बाइटनंतर शून्य नाही, म्हणून प्रॉडक्टमध्ये शिरतं. तिथेही नाही, म्हणून रिव्हिजनमध्ये. २८ बाइट झाले, डेस्टिनेशनमध्ये अजून तिघांची जागा आहे, म्हणून पुढचे तीन बाइटही घेतं, ते काहीही असोत. बफर फुटला नाही, मेमरीतल्या चुका पकडणारा केसॅन ओरडला नाही, आणि लॉगमध्ये व्हेंडरच्या नावाला मॉडेल आणि रिव्हिजन चिकटून आलं. स्ट्रएसकॉपी डेस्टिनेशन सांभाळतं, सोर्स कुठे संपतो हे त्याला तुम्ही सांगितलेलंच नाही.

अशा रकान्यातून स्ट्रिंगकडे यायला मेमटुस्ट्र आहे. ते दोन्ही बाजूंचे आकार ॲरेवरूनच घेतं आणि शेवटी शून्य लावतं. डेस्टिनेशन एका बाइटने मोठं ठेवा, ४० च्या मॉडेलला ४१. मागच्या स्पेस नंतर स्ट्रिमने काढा. ते सुरुवातीच्या स्पेस ओलांडून पुढचा पॉइंटर परत देतं, म्हणून परत आलेली किंमत वापरा, जुना पॉइंटर नको.

उलट दिशेने, म्हणजे स्ट्रिंगमधून रकान्यात जायला, स्ट्रटुमेम_पॅड आहे. तिसऱ्या जागी कशाने भरायचं ते द्यायचं, स्कझीसाठी स्पेस:

स्ट्रटुमेम_पॅड(इन्क्वायरी->व्हेंडर, नाव, ' ');

इथे स्ट्रएसकॉपी वापरलं तर आठ अक्षरांच्या नावाचं आठवं अक्षर शून्याच्या घशात जातं. रकान्याच्या व्याख्येवर नॉनस्ट्रिंग हे ॲट्रिब्यूट लावा. ते जीसीसीच्या ८व्या आवृत्तीपासून आहे. त्याने कंपायलरलाही कळतं आणि तुमच्यामागून कोड वाचणाऱ्यालाही.

पाचवी पायरी: बाहेर जाणारी स्ट्रक्चर

नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणाऱ्या ईथटूलच्या ड्रायव्हर-माहितीत नावासाठी ३२ बाइट असतात. समजा अशाच ३२ बाइटांच्या फील्डचं स्ट्रक्चर तुम्ही स्टॅकवर घेतलं आणि रोमन लिपीतलं नागपूर त्यात टाकलं. सहा अक्षरं आणि एक शून्य, सात बाइट झाले. उरलेल्या २५ बाइटांत स्टॅकवरचा जुना मजकूर असू शकतो, आणि कॉपी-टू-युझर ते बत्तीसच्या बत्तीस बाहेर पाठवतं. त्यात कर्नलचा एखादा पत्ता असला तर तो घरबसल्या समोरच्याला मिळाला.

जुनं स्ट्रएनकॉपी उरलेली जागा शून्यांनी भरायचं, म्हणून ही गळती झाकलेली होती. साधं स्ट्रएसकॉपी टाकलंत की ती उघडी पडते. इथे स्ट्रएसकॉपी_पॅड वापरा, ते ५.२ पासून आहे आणि ६.९ पासून दोन आर्ग्युमेंटमध्येही चालतं. मात्र पॅड फक्त त्या फील्डपुरतं असतं. दोन फील्डच्या मधल्या अलाइनमेंटच्या फटी त्याला दिसत नाहीत, त्यासाठी अख्खं स्ट्रक्चर सुरुवातीलाच मेमसेटने शून्य करा. आणि ते आधीच शून्य केलेलं असेल तर पॅडची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी पॅड चिकटवणं म्हणजे विचार न केल्याची पावती.

परत येणारी किंमत

स्ट्रएलकॉपीनंतरचा 'परत आलेली लांबी आकाराएवढी किंवा मोठी' हा तपास 'शून्यापेक्षा कमी' असा करा. गंमत म्हणजे जुना तपास तसाच ठेवला तरी बहुतेकदा चालतो: उणे ७ ची तुलना अनसाइन्ड आकाराशी होताना ते प्रचंड मोठं होतं आणि अट खरी ठरते. योगायोगाने चालणाऱ्या कोडवर विसंबू नका. बेरजेत तर तो दगा देतोच. लेन += स्ट्रएसकॉपी(...) अशी ओळ असेल आणि मजकूर मावला नाही, तर लेन सात बाइट मागे येतं आणि पुढची कॉपी आधीच्या मजकुरावर चढते.

तपासायचं कधी, हा खरा निर्णय आहे. स्क्रीनवर दाखवायचं नाव कापलं गेलं तर बिघडत नाही. ज्या नावावरून काही शोधलं जातं ते कापून चालत नाही. समजा तापमान सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये लेबलला १६ बाइट आहेत आणि लेबलं रोमनमध्ये 'कळमना मार्केट गेट १' आणि 'कळमना मार्केट गेट २' अशी आहेत. कळमनाची ७ अक्षरं, एक स्पेस, मार्केटची ६, आणखी एक स्पेस, झाले १५. दोन्ही लेबलं तिथेच कापली जातात आणि हुबेहूब सारखी होतात. इथे एरर परत द्या, किंवा फील्ड मोठं करा.

लेबल देवनागरीत आलं तर हिशेब आणखी घट्ट होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'कळमना' १५ बाइट, १६ मध्ये बरोबर बसतं. 'नागपूर' १८ बाइट, त्याचं 'नागपू' होतं. आय-टू-सी डिव्हाइसच्या नावासारख्या २० बाइटांच्या फील्डमध्ये 'सीताबर्डी' (२७ बाइट) टाकलं तर सहा चिन्हं बसतात आणि हलन्ताचा एक तुटका बाइट मागे लोंबकळतो. टर्मिनलवर तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसेल. स्ट्रएसकॉपी बाइट मोजतं, अक्षरं नाही.

युझरकडून येणारं, आणि जोडून बनवलेलं

सिसएफएस (ड्रायव्हरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी सोय) मधल्या स्टोअर फंक्शनला, म्हणजे फाइलीत लिहिलेलं घेणाऱ्या फंक्शनला, मिळणारा बफर शून्याने संपलेला असतो, पण इकोने लिहिलं असेल तर शेवटी नवी ओळ असते. नुसती कॉपी केली तर ती लेबलमध्ये जाऊन बसते आणि पुढची तुलना फसते. कॉपी करून स्ट्रिम करा. फक्त तुलनाच करायची असेल तर सिसएफएस_स्ट्रईक्यू वापरा, ते शेवटची नवी ओळ सोडून देतं. वाचून दाखवणाऱ्या शो फंक्शनमध्ये कॉपी नको, सिसएफएस_इमिट.

युझरस्पेसच्या पॉइंटरवर यातलं एकही फंक्शन चालवू नका. त्यासाठी स्ट्रएनकॉपी_फ्रॉम_युझर किंवा स्ट्रएनडप_युझर आहे.

स्ट्रकॉपी, मग स्ट्रकॅट, मग आणखी एक स्ट्रकॅट अशी साखळी दिसली तर प्रत्येक कडी वेगळी बदलत बसू नका. एकाच एससीएनप्रिंटएफमध्ये सगळं बसवा. एसएनप्रिंटएफ 'मावलं असतं तर किती' ते सांगतं, एससीएनप्रिंटएफ खरोखर किती लिहिलं ते सांगतं. लांबी जोडत जायची असेल तर एससीएनप्रिंटएफच हवं.

तपासणी

त्या एका ड्रायव्हरची ऑब्जेक्ट फाइल मेकला मोठा डब्ल्यू=१ देऊन (म्हणजे कंपायलर जास्तीचे इशारे देतो) बनवा. मग क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये केसॅन आणि फॉर्टिफाय सोर्स चालू असलेलं कर्नल चालवून प्रत्येक बदललेल्या फील्डला तीन लांब्या द्या: आकार वजा दोन, आकार वजा एक, आणि आकाराएवढी. १६ च्या फील्डला १४, १५ आणि १६ अक्षरं. पहिल्या दोन पूर्ण यायला हव्यात, तिसरी एक अक्षर कापून. १५ चंही कापलं गेलं तर तो जुना 'वजा एक' कुठेतरी राहिला आहे.

बोर्ड बनवणाऱ्यांच्या ५.१० किंवा ५.१५ च्या कर्नलवर काम असेल तर आधी त्या सोर्स कोडमधली स्ट्रिंगची हेडर फाइल उघडा. दोन आर्ग्युमेंटचा मॅक्रो तिथे नसेल तर तिसऱ्या जागी साइझऑफ लिहा, आणि मेमटुस्ट्रसारखी बाकीची नवी फंक्शनं तिथे आहेत का तेही बघा.

पॅच पाठवताना

एका ड्रायव्हरला एक पॅच. त्यातच रिकाम्या ओळी आणि इंडेंट नीट करायचा मोह टाळा. संदेशात तीन गोष्टी हव्यातच: डेस्टिनेशनला शेवटचा शून्य लागतो हे कशावरून ठरवलं, उरलेली जागा शून्यांनी भरण्याची गरज आहे की नाही आणि का, आणि खऱ्या हार्डवेअरवर तपासलं की फक्त कंपाइल केलं. फक्त कंपाइल केलं असेल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. फिक्सेस ही ओळ (कुठल्या जुन्या बदलातली चूक दुरुस्त केली ते सांगणारी) खरी चूक सापडली असेल तेव्हाच. ओळींची लांबी ७५ अक्षरांच्या आत ठेवा, चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा, गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट ज्यांची नावं देईल त्यांना आणि त्या मेलिंग यादीला साध्या मजकुराच्या मेलने गिट सेंड-ईमेलमधून पाठवा. उत्तराला एक-दोन आठवडे लागू शकतात. तेवढ्यात तोच पॅच पुन्हा पाठवू नका; पुढचा ड्रायव्हर उघडा.